भाऊबीजेच्या दोन लिंक

किटलीचं बटण टक्कन वर आलं आणि नील पाळण्यात चुळबुळला. मी श्वास रोखून उभी. झोपला पुन्हा, माझा सोनुला. अर्धा तास मिळाला, तर हे लिहून टाकते. पोटात ठेवलं तर आंबेल.

काल भाऊबीज होती. लंडनमधल्या हॅरोला आल्यापासून मी दोन्ही भावांना आयपॅडवरच ओवाळते. आयपॅड पोह्यांच्या डब्याला टेकवायचा आणि कुंकू काचेवरच लावायचं. मग धाकटा नकुल ओरडणार, "ताई, नाकाला लावलंस!" अमेरिकेत, ओहायोत दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. त्या दिवशी मात्र ते एकाच सोफ्यावर बसतात. आई गेल्यापासून तो सोफा हेच माझं माहेर.

यंदा व्हिडिओ कॉलच्या दोन लिंक आल्या.

मी शशिदादाला फोन लावला. "हे काय रे?"

"पक्ष फुटणार, मंजिरी. रिपब्लिकन आता दोन समज. नकुल त्या व्हिसा बंद करा म्हणणाऱ्यांत गेलाय. मी त्याच्या शेजारी बसणार नाही."

मग नकुलला लावला.

"फुटू दे ना, ताई. घाण जाईल. बाहेरून येणारे थांबवायलाच हवेत."

"आणि तू कसा गेलास रे? चालत?"

"मी व्हिसावर आलो, नियमानं."

"कागद कोणी केले होते तुझे?"

"दादानं. पण तो मुद्दा वेगळा."

शेवटी दोघांनीही एकच विचारलं, "आधी मला ओवाळशील ना?" दादाला तर तसा स्क्रीनशॉटही हवा होता, ग्रुपवर टाकायला. शी! मला किळसच आली. पक्ष फुटेल की नाही कोण जाणे, पण हे दोघे लग्नाचा मुहूर्त जवळ आल्यासारखे खुशीत होते. माझं निरांजनसुद्धा यांना मतपेटीत हवं होतं.

दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी एक लिंक आयपॅडवर उघडली आणि दुसरी फोनवर. दोन्ही पोह्यांच्या एकाच डब्याला टेकवले. कोणालाच सांगितलं नाही. वाटलं, समोरासमोर आले की हसतील.

दोन्ही काचांवर कुंकू लावलं. ताट उचलणार तोच दादा खोकला.

"ताई, तो आहे का तिथे?" नकुलनं विचारलं.

"हो. तुझा भाऊ आहे."

"मंजिरी, हे तू बरं नाही केलंस," दादा म्हणाला आणि आयपॅड काळा झाला. नकुलनंही मागोमाग कॉल बंद केला.

काळ्या काचांवर दोन लाल टिकल्या तेवढ्या उरल्या.

सकाळीच अन्वीनं नीलला ओवाळलं होतं. त्यानं कुंकू खाल्लं, तेव्हा ती पोट धरून हसली होती. आता ती बाहीनं हळूच काच पुसत होती. सहा वर्षांची आहे माझी पोर.

"मम्मी," ती म्हणाली, "नील मोठा झाला की तो पण मला असा बंद करणार?"