दोन देवमाशांच्या मधली जागा

लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत मास्तरीणबाईंनी साडेसातशे माणसांना गाडी चालवायला शिकवलं होतं. त्यांत एक निवृत्त न्यायाधीश होते, एकमेकांशी न बोलणारे दोन जुळे भाऊ होते, आणि प्रत्येक वळणावर डोळे मिटून घेणारी एक बाई होती. सगळे पास झाले. राहिला तो त्यांचा स्वतःचा नवरा.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. माणूस हुशार, नजर शाबूत, गिअर छान टाकायचे. पण दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये उलटी गाडी घालून लावायची वेळ आली की त्यांचं सगळं बिनसायचं. पहिल्या परीक्षेत त्यांनी मागच्या गाडीला धडक दिली. दुसऱ्या परीक्षेत पुढच्या. तिसऱ्यांदा दोन्ही गाड्या वाचवल्या आणि फुटपाथवरची कचरापेटी आडवी केली.

"लोक मला विचारतात," मास्तरीणबाई म्हणायच्या, "तुमच्या क्लासचा निकाल शंभर टक्के का? मी म्हणते, हो, घर सोडून."

त्या घरात दोन मुली होत्या. थोरली दहा वर्षांची, धाकटी सहा. एका संध्याकाळी चष्मेवाल्यांनी मान वर करून पाहिलं, तर चौघं चार कोपऱ्यांत आणि चौघांच्या नाकासमोर मोबाईल-टॅबचे चार पडदे. त्यातला एक त्यांचाच होता.

"दिवसभर मी गिऱ्हाइकांना सांगतो, अधूनमधून लांब बघा," ते म्हणाले. "आणि माझ्या घरात लांब बघणारा एकच जीव आहे. ती भिंतीवरची पाल. उद्यापासून सहा ते सात सगळे पडदे बंद."

पहिला दिवस भयंकर गेला. थोरली सोफ्यावर आडवी पडून "मी आता जाते" असं क्षीण आवाजात सांगत राहिली. धाकटीने शाम्पूची बाटली मोठ्याने वाचून काढली, मागच्या बाजूसकट. मास्तरीणबाईंनी चमच्यांचा खण तीनदा लावला. आणि चष्मेवाले घड्याळाकडे बघत बसले, कारण तो नियम त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा एरवी काउंटरवर चढणारा, पण त्या दिवशी कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, गप्प बसलेला. अधूनमधून स्वतःशीच फिदीफिदी हसायचा.

"याला झालंय काय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"गोष्ट ऐकतोय. एक खेकडा आहे, तो जहाजाचा कप्तान आहे. तुम्हीही ऐका, पण दुकानात नको. हसू आवरत नाही."

अशी कप्तान आडवेरावांची त्या घरात एन्ट्री झाली. आडवेराव आडवेच चालायचे, त्यामुळे त्यांचं जहाजही आडवंच जायचं. सुकाणूवर एक ऑक्टोपस होता, त्याचं नाव आठहात्या.

"सुकाणू कुणाच्या हातात आहे?" आडवेराव गरजायचे.

"माझ्या, कप्तान."

"कोणत्या?"

"तिसऱ्या, कप्तान. बाकीचे जेवताहेत."

पण घरात ऐकताना एक अडचण यायची. मोबाईल टेबलावर ठेवला की सगळे त्याच्याकडेच टक लावून बघत बसायचे, जणू खेकडा त्यातून बाहेर येणार आहे. शिवाय मास्तरीणबाई मध्येच उठून गॅस बघायच्या, चष्मेवाले "चालू ठेवा, मी आलोच" म्हणून गायब व्हायचे. शेवटी मास्तरीणबाईंनीच तोड काढली. क्लासच्या गाडीला चांगले स्पीकर होते. मोबाईल खिशात, आवाज ब्लूटूथने गाडीत, आणि चौघं जागेवर.

तेव्हापासून रोज सहा वाजता हे कुटुंब खाली उतरायचं, इमारतीसमोर उभ्या केलेल्या गाडीत बसायचं, दारं लावून घ्यायचं आणि कुठेही जायचं नाही. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. आत चौघं पोट धरून हसताहेत.

चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी काचेवर टकटक केली.

"घरात काही वाद झालाय का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "तसं असेल तर मुलींना आमच्याकडे पाठवा. तुम्ही दोघं निवांत भांडून घ्या."

"काका, शू!" मागून धाकटी ओरडली. "आठहात्याने नकाशा गिळलाय!"

"कुणी?" काका म्हणाले, आणि त्यांना नीट समजावून सांगण्यापेक्षा आत घेणं सोपं होतं. ते मुलींच्या मधोमध गुडघे छातीशी घेऊन भाग संपेपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "नकाशा पचला असेल का हो?"

ऐकण्याचे काही कायदे आपोआप ठरले. चष्मेवाल्यांनी शंका काढायच्या नाहीत, कारण त्यांनी एकदा "खेकड्याला पाय दहा, मग बूट आठच कसे?" असं विचारून अख्खा भाग बुडवला होता. आवाजाचं बटण धाकटीने फिरवायचं नाही, कारण ते तिच्या हातात निघून आलं होतं आणि तिथे आता नुसतं भोक उरलं होतं. आणि सगळ्यात मोठा कायदा: कुणीही, काहीही झालं तरी, एकट्याने पुढे ऐकायचं नाही. थोरलीने त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

अशात चष्मेवाल्यांच्या चौथ्या परीक्षेची तारीख आली.

एरवी गाडी शिकताना ते मोबाईल घरी ठेवत. मास्तरीणबाईंची तशी ताकीदच होती. पण परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या फाटकावर तारखेचा मेसेज दाखवावा लागतो. तो दाखवून त्यांनी मोबाईल पॅन्टच्या मागच्या खिशात टाकला आणि क्लासच्याच गाडीत जाऊन बसले. मास्तरीणबाई आणि सुट्टी म्हणून आलेल्या मुली बाहेर कठड्यापाशी उभ्या राहिल्या.

शेजारच्या सीटवर परीक्षक साहेब आले. या साहेबांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात कागद लावलेली पाटी होती, आणि पेन सदैव टोपण काढलेलं.

"पुन्हा तुम्ही," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"कचरापेटी नवी बसवली आहे. चला."

गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, आणि तेव्हाच कुठे मोबाईलने गाडीला ओळख दिली. स्पीकरमधून समुद्राची गाज आली आणि पाठोपाठ गर्जना: "आठहात्या! उठ! वादळ आलंय!"

साहेब दचकले. पेनाची कागदावर रेघ ओढली गेली.

"हे काय आहे?"

"खेकडा आहे साहेब. गोष्ट आहे. मोबाईल खिशात आहे, आत्ता काढून बंद—"

"चालू गाडीत मोबाईलला हात लावलात तर नापास."

"मग थांबवून—"

"मी सांगितल्याशिवाय थांबलात तरी नापास. मीच बंद करतो." साहेबांनी बटण शोधलं. बटणाच्या जागी भोक होतं. त्यांनी त्यात करंगळी घातली. आवाज दुप्पट झाला.

"ह्या चौकात उजवीकडे," साहेब ओरडले.

"डावीकडे घे!" आडवेराव त्याहून मोठ्याने ओरडले.

महिनाभर रोज संध्याकाळी ज्याचं ऐकलं, त्याचंच ऐकलं गेलं. चष्मेवाले डावीकडे वळले. इंडिकेटर देऊन, आरसा बघून, अगदी सुबक वळले.

"मी उजवीकडे म्हटलं होतं."

"चुकलं साहेब. कप्तान म्हणाले म्हणून—"

"या गाडीत कप्तान मी आहे!" साहेबांनी कागदावर काट मारली.

वळणानंतर रस्ता सरळ होता. गोष्टीत वादळ वाढत होतं आणि बंदरात जहाज लावायला एकच जागा उरली होती, तीही दोन झोपलेल्या देवमाशांच्या मध्ये. एकालाही धक्का लागला तर जहाजाचा चुरा. चष्मेवाल्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर साहेबांचं पेन कागदावर नव्हतं, हवेत होतं.

फेरी मारून गाडी परत चाचणीच्या मैदानात आली. तिथे दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. मध्ये मोकळी जागा, पलीकडे नवी कोरी कचरापेटी.

"लावा," साहेब म्हणाले. पण ते जरा अन्यमनस्कपणे म्हणाले.

नेमका त्याच वेळी आडवेरावांचा आवाज एकदम खाली आला, देवमासे जागे होऊ नयेत म्हणून.

"आठहात्या, घाबरू नकोस. आधी पुढच्या देवमाशाच्या बरोबरीने उभा राहा. राहिलास? आता मागे. हळू. त्याची शेपटी आली की सुकाणू सगळं आत. सगळं म्हणजे सगळं. आठही हात लाव."

चष्मेवाल्यांना दोनच हात होते, ते त्यांनी लावले.

"आता मागच्याच्या नाकावर लक्ष. नाक दिसलं? सुकाणू उलटं फिरव. श्वास रोख. ये... ये... ये... बस!"

गाडी थांबली. पुढे हातभर जागा, मागे हातभर जागा, आणि फुटपाथला चाक असं समांतर की पट्टीने आखावं. चष्मेवाल्यांनी काचेतून मागे पाहिलं, पुढे पाहिलं. कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच गाडीत बसल्यासारखं त्यांना वाटलं. स्पीकरमध्ये सगळं शांत झालं होतं. मग निवेदक कुजबुजला: "आणि मागच्या देवमाशाने हळूच एक डोळा उघडला..."

नियम असा की गाडी लावली की किल्ली बंद करायची. त्यांनी किल्ली बंद केली. गोष्टही बंद झाली.

साहेब समोर बघत होते. "सुरू करा," ते म्हणाले.

"साहेब, मी पास की—"

"आधी सुरू करा."

कठड्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंना हे सगळं लांबून दिसत होतं. गाडी बिनचूक लागली तेव्हा त्यांनी थोरलीचा दंड इतका जोरात धरला की ती ओरडली. पण मग कुणी उतरेचना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गाडीत दोघं पुतळ्यासारखे बसलेले.

"साहेब झाडताहेत ह्यांना," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि तरातरा मैदान ओलांडून गेल्या. मुली मागोमाग. त्यांनी काचेवर टकटक केली.

साहेबांनी काच दोन बोटं खाली घेतली. "शू!" म्हणाले, आणि परत वर केली.

पण त्या दोन बोटांतून आडवेरावांचा आवाज बाहेर आला होता. थोरलीचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा पुढे ऐकतोय," ती म्हणाली. "आमच्याशिवाय!"

धाकटीने भोकाड पसरलं.

साहेब खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. हसून की कशाने, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. त्यांनी कागद चष्मेवाल्यांच्या हातात दिला. "उजव्याऐवजी डावीकडे वळलात, त्याचे गुण कापले आहेत. पार्किंगला पैकीच्या पैकी. पास." मग मास्तरीणबाईंकडे वळून, घसा साफ करत, "हे किती भाग आहेत?" असं विचारलं.

"चाळीस," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण पहिल्यापासून ऐका. मधूनच ऐकलं की त्याला अर्थ नाही."

त्यांना आनंद झाला होता, पण मास्तरीण ती मास्तरीण. घराजवळ आल्यावर त्यांनी नवऱ्याचा मोबाईल काढून घेतला आणि दोन उभ्या गाड्यांकडे बोट दाखवलं. "आता खेकड्याशिवाय लावून दाखवा."

चष्मेवाल्यांनी गाडी लावली. लागली, अगदी छान लागली. फक्त ते सगळा वेळ तोंडातल्या तोंडात "सगळं म्हणजे सगळं, आठही हात" असं पुटपुटत होते. मास्तरीणबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मुलींनी मात्र त्यांना माफ केलं नव्हतं. संध्याकाळी सहाला तोच भाग पुन्हा लावायचं ठरलं, आणि ज्याने आधी ऐकलंय त्याने गाडीत बसायचं नाही असा निकाल थोरलीने दिला. "तुझ्या तोंडावरून कळतं, बाबा. तू बाहेर थांब."

म्हणून ज्या दिवशी त्यांना लायसन्स मिळालं, त्या दिवशी चष्मेवाले गाडीच्या बाहेर, फुटपाथवर, हाताची घडी घालून उभे राहिले. आत तिघी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. काचा बंद, पण आवाज अस्पष्ट येत होता. वादळ झालं. सुकाणू फिरलं. जहाज लागलं. देवमाशाने डोळा उघडला. आता तो तोंड उघडणार आणि म्हणणार, "ही माझी रोजची जागा आहे," आणि त्यावर आठहात्या आठही हात जोडणार...

चष्मेवाले एक क्षण आधीच खो-खो हसले.

काच सर्रकन खाली आली. "बाबा! तिकडे तोंड कर!"

ते आज्ञाधारकपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काच वर गेली. आतून हास्याचा स्फोट झाला. थोड्या वेळाने काच परत खाली आली, आणि या वेळी आवाज मास्तरीणबाईंचा होता.

"अहो, खांदेसुद्धा हलवायचे नाहीत!"