पेंडीतला निळा ठिपका

१९७३चा मार्च, दुष्काळाचं वर्ष. घोडेगावजवळच्या गुरांच्या छावणीत जनावरं खाणं सोडू लागली, तेव्हा तिथल्या भुईमुगाच्या पेंडीचा नमुना नगरला गोरक्ष साळवेकडे आला. एका लहानशा प्रयोगशाळेत तो तपासनीस होता. पेंडीचा अर्क काचेवर टिपून त्याने अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरला. ठिपका निळा चमकला. बुरशीचं विष.

"पुण्याच्या प्रयोगशाळेकडून खात्री होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "पेंड बंद केली तर गुरांना घालायचं काय?"

गोरक्ष गप्प बसला. पण रविवारी छावणीत गेला. त्याच्या थोरल्या बहिणीची, कलाबाईची गाय तिथे होती.

"अक्का, गाईला पेंड घालू नको. नुसता कडबा घाल. आन् कुणाला बोलू नको, माझी नोकरी जाईल."

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. शेजारच्या दावणीची मालनबाई डोळे पुसत होती. तिची कालवड सकाळीच मेली होती, गायही बसली ती उठेना.

"तुमची अक्का लई मायाळू, भाऊ," ती म्हणाली. "आपल्या वाट्याची पेंड रोज माझ्या कालवडीला देत हुती."

गोरक्षने बहिणीकडे पाहिलं.

"टाकून दिली असती तर लोकांनी इचारलं असतं," कलाबाई पुटपुटली. "इख हाय, असं कुठं सांगितलंस तू?"

खरंच नव्हतं सांगितलं. तो मालनबाईकडे वळला.

"मालनबाई, पेंडीत विष हाय. मला ठावं हुतं."

"कवापासनं?"

"तीन आठवडे."

ती उठून आपल्या गाईजवळ जाऊन बसली. गोरक्ष दावणी-दावणीला जाऊन ओरडून सांगत सुटला. संध्याकाळपर्यंत सगळी पेंड खड्ड्यात गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला मेमो दिला. चौथ्या दिवशी पुण्याचा अहवाल आला, तोही तेच सांगणारा. मेमो मागे घेतला गेला.

मालनबाईची गाय त्याच आठवड्यात गेली. कलाबाई स्वतःच्या गाईचं दावं सोडून तिला मालनबाईपुढे घेऊन गेली. गोरक्ष सोबत होता.

"घे बाई. माझ्या हातनं झालं."

मालनबाईने गाईच्या पाठीवरून हात फिरवला.

"न्हाई गं. ही तुझ्या भावानं वाचवलेली हाय. तुझ्याच दारात राहू दे."

आणि पाटी उचलून ती खडी फोडायच्या कामावर निघून गेली.