पान तीनशे एकाहत्तर

संशयी म्हणा, खडूस म्हणा, मला फरक पडत नाही. संस्थेच्या ग्रंथालयात वीस वर्षं मी संशोधकांचे पेपर मोजतेय. कुणाचा पेपर किती जणांनी आपल्या पेपरात संदर्भ म्हणून घेतला, त्याची यादी मी करते आणि त्यावर बढत्या ठरतात. अशा कामात भोळेपणा परवडत नाही.

यंदा यादी माझ्या भावजयीची होती. तुटलेला डीएनए सांधणाऱ्या एका प्रथिनावर ती आठ वर्षं काम करतेय. बढती समितीने तिला नोकरीत कायम केलं तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर महिनाअखेर कुलूप आणि गोठवून ठेवलेल्या पेशी कचऱ्यात. मी आधीच सांगितलं होतं, ही माझी भावजय, दुसऱ्या कुणाला द्या. पण दुसरं होतंच कोण? मग म्हटलं, घरचं माणूस म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको, डोळ्यांत तेल घालून बघू.

आणि बघितलं तर काय! तिच्या एका पेपराला चार वर्षं कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं, आणि गेल्या दोन वर्षांत बासष्ट संदर्भ. माझ्या मनात पाल चुकचुकली. एकेक संदर्भ काढून ताडून पाहिला. पेपर सुरू होतो पान तीनशे सतरावर. बासष्टांपैकी एक्केचाळीस जणांनी लिहिलं होतं तीनशे एकाहत्तर. वेगवेगळ्या देशांतली माणसं, चूक मात्र तीच. एकाच ठिकाणी बसून कुणीतरी हे खोटे संदर्भ पाडले असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. तशी टीप लिहिली, आकडा लाल पेनाने अधोरेखित केला आणि समितीकडे पाठवली. भावाला अवाक्षर बोलले नाही.

गुरुवारी सकाळी समितीने तिला बोलावलं. बाहेर आल्यावर ती ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर बसली. चेहरा उतरलेला. काय सांगितलंस, असं मी खोचकपणे विचारलं. यादीतलं पान चुकलं ती चूक माझीच, असं सांगून आले, ती म्हणाली. म्हणजे कबूल झाली बाई, मी मनात म्हटलं. खरं सांगते, बरं वाटलं मला. ती पाणी पिऊन निघून गेली.

दुपारी समितीचा निरोप आला, संस्थेच्या वेबसाइटवरची तिच्या पेपरांची यादी छापून आणा. यादी उघडली. तीनशे एकाहत्तर. शेजारी दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि नोंद करणाऱ्याचं नाव: माझं.

संशोधकांची खोड मला का ठाऊक नाही? पेपर वाचतात, पण संदर्भाची ओळ हाताने लिहायचा कंटाळा. कुठूनतरी आयती उचलायची नि चिकटवायची. एक्केचाळीस जणांनी ती माझ्या यादीतून उचलली होती. पेपर मात्र त्यांनी खरोखरच वाचला होता.

मग आठवलं. खण उपसला. तळाशी तिची चिठ्ठी सापडली, दोन वर्षांपूर्वीची, तारखेसकट: 'ताई, माझ्या पेपराचं पान ३१७ हवं, ३७१ पडलंय. सवडीने बदलाल का?' तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. हिला आता माझ्याही कामात खोट दिसायला लागली, म्हणून चिठ्ठी खणात कोंबली होती. लाज वाटली मला, स्वतःची.

प्रयोगशाळेत गेले. ती पेशींच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती, कचऱ्यात जाण्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायच्या म्हणून.

"खरं का नाही सांगितलंस त्यांना?"

तिने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. "काय सांगणार होते, ताई? नणंदेचं नाव घेतलं असतं तर म्हणाले असते, स्वतःची चूक तिच्यावर ढकलतेय. पान बदला असं मी तुम्हाला सांगितलं होतं, याचा पुरावा एकच होता. तो तुमच्याकडे होता."

जिना चढून समितीच्या खोलीशी गेले. आत बैठक चालू होती, दारावर टकटक न करताच शिरले. छापलेली यादी टेबलावर ठेवली, तिच्यावर चिठ्ठी.

अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं, हे कुणाचं अक्षर?

"तिचं," मी म्हटलं. "आणि टीप लिहिणारी मी. तुमचा लाल पेन द्या, आता माझं नाव अधोरेखित करायचंय."