तिसऱ्या दिवसाचा रकाना

आमचं हॉस्पिटल संशोधनाला एकदम तयार आहे, हे मला मंगळवारी कळलं. तयारी मोजायला समिती येणार होती, म्हणून भिंतींना रंग लागला आणि आम्हा नर्सेसना चाळीस प्रश्नांचा फॉर्म मिळाला. ‘आपण नवे संशोधन वापरता का?’ पुढे ‘नेहमी’वर आधीच खूण केलेली. कुणाला उगाच विचार करायचा त्रास नको!

आता त्या संशोधनाचं ऐका. सलाईनची सुई दर तिसऱ्या दिवशी बदलायची, हा आमच्या वॉर्डाचा शिरस्ता. गेल्या महिन्यात प्रशिक्षणात सांगितलं, सूज नाही, लाली नाही, दुखत नाही, तर चालू सुई काढू नका. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा प्यायलो आणि वॉर्डात येऊन सुया बदलल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

सात नंबरच्या आजींना धड शीर म्हणून उरली नव्हती. चार वेळा टोचून पाचव्यांदा एक सापडलेली. "आता पुन्हा टोचलंत तर मी सरळ घरी जाईन," त्यांनी बजावलं होतं. औषध अजून पाच दिवस जायचं होतं. ते अर्धवट सुटलं तर ताप उलटणार, हे कळायला संशोधन लागत नाही. तिसऱ्या दिवशीही सुई झकास चालत होती. मी ठरवलं, हिला हात लावायचा नाही.

मेट्रनबाई रजिस्टर चाळत आल्या.

"सिस्टर, सातचा ‘सुई बदलली’ रकाना रिकामा कसा?"

"मॅडम, नव्या नियमाप्रमाणे गरज नाही."

"नियम उत्तमच आहे हो! पण रकाना जुनाच आहे ना? उद्या समितीने रिकामा पाहिला तर?"

एवढं बोलून त्या पुढच्या वॉर्डात गेल्या. काढा म्हणाल्या नाहीत, ठेवा म्हणाल्या नाहीत.

बावीस वर्षांची नोकरी, फटकळ म्हणून नाव, आणि मी काय केलं? शेपूट घातलं. सुई काढली, रकाना भरला. मग दोन्ही हातांना मिळून सहा वेळा टोचलं. एकही शीर मिळाली नाही.

समितीने आम्हाला शंभरपैकी ब्याण्णव दिले. आजींच्या सुनेने ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ या कागदावर सही केली आणि पिशव्या भरायला घेतल्या. मी आजींच्या काळ्यानिळ्या हातावर बर्फ धरून बसले होते. माझे डोळे भरून आले, तर त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको गं पोरी. तुझा काय दोष? वरून हुकूम आला असेल."

मी "हो" म्हणाले.