पेलेनातोची मूठ

पाळकसाहेबांचा हात पेलेनातोच्या उजव्या मुठीत अडकला, तेव्हा निम्मं गाव अजून चर्चच्या आतच होतं.

उपासना संपली की दारात उभं राहून प्रत्येकाशी हात मिळवायची पाळकसाहेबांची जुनी पद्धत. पेलेनातो आजारपणातून उठून पहिल्यांदाच चर्चला आला होता. सवयीने त्याने उजवा हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मूठ मिटली, ती मिटलीच.

"सोड की," फुआतिनो नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

"सोडतोय."

"दिसतंय."

"पेलेनातो," पाळकसाहेब हसू आणि कळ दोन्ही आवरत म्हणाले, "देवाच्या माणसाला धरून ठेवलं म्हणून स्वर्ग लवकर मिळत नाही रे बाबा."

मागून पेलेनातोची थोरली बहीण लेपेका ओरडली, "अरे, हात तोडा नाहीतर लग्न लावा, पण पुढं सरका! भट्टीतलं डुक्कर करपलं माझं!"

रांगेत हशा पिकला. फुआतिनोने पदराआड लपवावं तसं आपल्या पंख्याआड करून नवऱ्याचं मनगट धरलं आणि हळूच आतल्या बाजूला वाकवलं. मनगट आत वळलं की बोटांची ओढ आपोआप सैल पडते. पाळकसाहेब सुटले. त्यांच्या हातावर चार बोटांचे पांढरे वळ होते, तरी त्यांनी पुढच्या बाईला हसून तोच हात दिला.

फुआतिनो एकतीस वर्षं जिल्हा रुग्णालयात व्यायामोपचाराच्या खोलीत मदतनीस होती. आखडलेली माणसं सरळ करायची, हे तिचं काम. भिंतीवर सोललेल्या दंडाचा तक्ता, खाली चटई आणि पायात पांढरे बूट. हुद्दा वाढला नाही, तिनेही मागितला नाही. पण माडावरून पडलेले, प्रसूतीत अवघडलेले, मासेमारीत खांदा निखळलेले, सावाई बेटाच्या त्या किनाऱ्यावरचे निम्मे लोक तिच्या बोटांखालून गेले होते. कातडीवरून बोट फिरवलं की आत काय चाललंय ते तिला कळायचं.

फक्त घरच्या माणसाच्या बाबतीत ती चुकली होती. नाताळानंतर पेलेनातोला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तिने रडत रडत त्याच्या हातात पहिला चेंडू दिला. "आवळ," म्हणाली. मग गावाने तोच कित्ता गिरवला. जो भेटायला येई तो आवळायला काहीतरी घेऊन येई. गावच्या क्रिकेटचे रबरी चेंडू, कोवळे नारळ, कुणाच्या तरी गाडीच्या गिअरची मूठ. वल्हेकऱ्यांचं गाव ते. ताकद म्हणजे आवळणं आणि ओढणं, यापलीकडे तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. पाय सुधारला, जीभ तर अजिबात बिघडली नव्हती, पण मूठ दगडासारखी घट्ट होत गेली.

आणि आता चार आठवड्यांवर शर्यतीची होडी पाण्यात जायची होती.

पंचेचाळीस वल्ह्यांची लांब होडी. बावीस वर्षं पेलेनातो तिचा तांडेल. यंदा सुकाणू त्याच्या भाच्याकडे, लेपेकाच्या साकारियाकडे गेलं होतं. त्या गावाची रीत अशी, की तांडेल बदलला की पहिल्या दिवशी जुन्या तांडेलाने गुडघाभर पाण्यात उभं राहून होडीचा मागचा दोर उजव्या हातात धरायचा, लाट जोखायची आणि आपल्या मर्जीने सोडायचा. दुसऱ्या कुणी त्याच्या हाताला हात लावायचा नाही. जो सोडतो, त्यानेच होडी दिली असं मानतात.

त्या दुपारी जेवताना लेपेकाने विषय काढलाच. अळूच्या पानातलं नारळाचं दाट दूध बोटाने निपटत ती म्हणाली, "तू दोर धरू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुखणं आहे म्हणून घरी बस, कुणी नावं ठेवणार नाही."

"मी धरणार."

"आणि सुटला नाही तर? पंचेचाळीस जण ओढत नेतील तुला! शर्यत सोडून पोरं तुलाच पाण्यातनं काढत बसतील."

"मामा, डाव्या हातानं धरला तरी चालेल," साकारिया खालच्या मानेने म्हणाला. "मी मोठ्यांना विचारतो."

"डाव्या हातानं मी नाक शिंकरतो. होडी देत नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा माणूस. फुआतिनोला त्याचा राग आला आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं. झटक्यानंतर तो पहिल्यांदाच इतका चिडला होता.

मायलेक गेल्यावर तिने घरातले सगळे चेंडू एका टोपलीत भरले आणि शेजारच्या पोरांना देऊन टाकले. मग खांबाशी नाताळापासून पडून राहिलेला, त्यानेच वळलेला काथ्याचा दोर आणून त्याच्या मांडीवर टाकला.

"उकल."

"डोकं फिरलंय का तुझं? एका हातानं?"

"बरं, मी उकलते. तू बघ." तिने दोराचे पेड वेगळे केले, पेडातल्या जुड्या, जुडीतून शेवटी एकच तंतू काढून उजेडात धरला. "तुझा दंड असाच आहे. अख्खा स्नायू म्हणजे दोर. आत जुड्या, एकेका जुडीला पातळ वेष्टन. जुडीत केसासारखे तंतू. आणि तंतूच्या आत आणखी बारीक धागे."

"अजून आत?"

"अजून आत. दोन जातींचे. जाड आणि बारीक, एकमेकांत शिरलेले. जाड धाग्याला इवले इवले हात असतात. ते बारीक धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढं धरतात. धागा कुठलाच आखूड होत नाही. नुसते एकमेकांवरून सरकतात, आणि आपण म्हणतो दंड फुगला."

पेलेनातोने डावा हात वल्ह्यासारखा हवेत फिरवला. "म्हणजे वल्ही. पाण्यात घाल, ओढ, काढ, पुन्हा घाल. वल्हं कुठं आखूड होतंय?"

फुआतिनो त्याच्याकडे बघतच राहिली. "हे समजायला मला रुग्णालयात शिकवायला आलेल्या न्यूझीलंडच्या बाईंकडं सहा महिने लागले."

"त्यांच्याकडं होडी नसेल."

"मग आता सांग, ओढून झाल्यावर वल्हं पाण्यातनं काढलंच नाही तर?"

"होडी अडेल. वल्हं मोडेल, नाहीतर बरगड्या."

"तेच. ओढायला लागतं तसं सोडायलाही त्या हातांना खाणं लागतं. एकेका सोडण्याला एकेक घास. माणूस गेला की घास संपतात आणि सगळे हात धरूनच बसतात. म्हणून प्रेत ताठतं."

तो मुठीकडे बघत म्हणाला, "म्हणजे हा मेलाय?"

"मेला असता तर पाळकसाहेब कळवळले असते का? तुझ्या हाताला पोटभर मिळतंय. घोटाळा वर आहे. डोक्यातनं 'ओढा' हा हुकूम सुटतोय, 'थांबा' पोचत नाही. आणि स्नायूला ढकलता येत नाही, पेलेनातो, फक्त ओढता येतं. मूठ उघडायची तर हाताच्या मागच्या गड्यांनी ओढायचं आणि पुढच्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं."

"होडी वळवताना एक बाजू वल्ही वर धरते, तसं."

"अगदी तसं."

"एवढं सोपं होतं, मग चेंडू कशाला दिलास?"

"तेव्हा मी रुग्णालयातली बाई नव्हते," ती म्हणाली. "तुझी बायको होते. घाबरले होते."

त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि केस विस्कटले. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आवळणं बंद झालं. कोमट पाणी, हळूहळू ताण आणि मग तो आपल्याच हाताला तांडेलाच्या आवाजात हुकूम द्यायचा, "उजवी बाजू, वल्ही वर!" शेजारची कुत्री घाबरून पळायची. पहिल्या आठवड्यात अंगठा हलला. दुसऱ्यात करंगळी. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पाचातून तीनदा मूठ उघडायची. पाचातून तीन म्हणजे काय, हे फुआतिनोला नीट ठाऊक होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

होडी निघायच्या सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पण या खेपेला लांबूनच हात हलवला. पेलेनातो गुडघाभर पाण्यात, उजव्या मुठीत दोर. वल्हेकरी होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात, म्हणून पंचेचाळीस जण त्याच्याचकडे बघत होते. एकटा साकारिया पाठमोरा, नजर समोर.

चांगली लाट आली. दोर ताणला. मूठ उघडली नाही. पेलेनातो एक पाऊल पुढे ओढला गेला.

"मामा?" साकारियाने मान न वळवता विचारलं.

"थांब."

दुसरी लाट. पाणी मांडीपर्यंत. फुआतिनो दहा पावलांवर उभी होती. त्याच्या हाताच्या शिरा तिला दिसत होत्या. धावत जाऊन ते मनगट आत वाकवायचं, बस. हजार वेळा केलेलं काम. तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. लेपेकाने डोळे मिटून घेतले होते.

तिसरी लाट दुरून उठताना पेलेनातोने छाती भरून श्वास घेतला आणि बावीस वर्षांच्या आवाजात ओरडला, "उजवी बाजू, वल्ही वर!"

हुकूम हाताला होता. पण होडीच्या उजव्या बाजूचे झाडून सगळे वल्हेकरी तोच आवाज ऐकत मोठे झालेले. खाडकन सगळी वल्ही आभाळात. डावी बाजू मात्र लाटेसरशी ओढायला लागली होती. आणि त्याच क्षणी मूठ उघडली, दोर सळसळत गेला आणि होडी सुटली ती थेट तिरपी, बायका बसल्या होत्या त्या खडकांकडे.

किंकाळ्या आणि हसू एकदमच उठलं. "अरे गाढवांनो, तुम्हाला नाही!" पेलेनातो ओरडला, पण हसूच इतकं फुटलं की पुढचा शब्द निघेना.

"उजवी बाजू, ओढा!" साकारियाचा आवाज आला. कोवळा, पण स्वच्छ. "ओढा! सगळे, एकदम!"

वल्ही पाण्यात पडली. होडीने नाक वळवलं, लाटेवर चढली आणि सरळ झाली. पंचेचाळीस तोंडं अजून पेलेनातोकडेच बघत होती, हसत, धापा टाकत. पण हात दुसऱ्याच्या आवाजावर चालत होते. साकारियाने मागे वळून पाहिलं नाही. तसं शिकवलं होतं मामानेच.

फुआतिनो पाण्यात उतरून त्याच्याजवळ गेली. त्याचा उजवा हात अजून तसाच पुढे होता, पाचही बोटं उघडी, तळव्यावर दोराचा लालभडक पीळ उमटलेला.

"झालं रे," ती म्हणाली. "मिट आता."

पेलेनातो होडीकडे बघत होता. बरीच लांब गेली होती ती.

"मिटतो," तो म्हणाला. "जरा राहू दे उघडा."

ती त्याच्या शेजारी उभी राहिली.