आगबोट वालपुर्गा आणि दोन लोखंडी गाड्या

मित्रांनो, मी एक जुनी आगबोट आहे. 'जुनी' हा शब्द मी स्वतःसाठी वापरते. इतर कोणी तो माझ्यासमोर उच्चारलेला मला खपत नाही. माझे नाव वालपुर्गा. लुसर्न शहराच्या धक्क्यावरून सकाळी सव्वानऊला सुटावे, सहलीच्या माणसांना सरोवराकाठच्या गावी सोडावे आणि दिवेलागणीपूर्वी उन्हाने लाल झालेल्या नाकांसह त्यांना परत आणावे, हा माझा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. आज मात्र मी तुम्हांला सहलीचे वर्णन ऐकवणार नाही. एका माणसाने माझ्या माणसाच्या नावाला काळे फासले होते. त्याची परतफेड कशी झाली, ते सांगणार आहे. सरळ बसा आणि ऐका.

माझा जन्म १९०२ सालचा. झ्युरिकच्या कारखान्यात माझे भाग घडले, रेल्वेने लुसर्नला आले आणि इथल्या गोदीत जोडले गेले. माझ्या दोन्ही अंगांना वल्ह्यांची दोन प्रचंड चाके बसवली. डेकच्या मध्यभागी एक चौक मुद्दाम उघडा ठेवला, म्हणजे प्रवाशांनी कठड्यावर रेलून माझे इंजिन पाहावे. राजेरजवाडे, शाळामास्तर, नवी लग्ने झालेली जोडपी, सगळे तिथे थांबत आणि त्या चकाकत्या दांड्यांकडे पाहताना बोलायचे विसरत. माझ्या रुबाबाचे चित्र चॉकलेटच्या डब्यांवर छापले जाई. मला त्याचे कौतुक वाटत नसे. ते मला योग्यच वाटत असे.

माझ्यात एक उणेपण होते, तेही सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच घडले. मी रुंद आहे, परंतु पाण्यात फार खोल नाही. सगळे प्रवासी एका बाजूला गेले की मी त्या बाजूला कलते. मग एक चाक पाण्यात खोल रुतते, दुसरे वर उचलले जाऊन हवेत फडफडते, आणि सुकाणू कितीही फिरवले तरी मी भलतीकडे वळते. आणि लुसर्नच्या सहलकऱ्यांना नेमकी हीच खोड आहे. सरोवराकाठच्या फित्झनाऊ गावी उतरले की डोंगरावर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे मिळते. तिच्यात खिडकीची जागा पटकावण्यासाठी ही घड्याळावर जगणारी, एरवी रांग न मोडणारी माणसे पंधरा मिनिटे आधीच उठतात, पाठपिशव्या चढवतात आणि फाटकाशी मेंढरांसारखी दाटी करतात.

यासाठी माझ्या डेकवर आडवे रूळ होते आणि त्यांवर लोखंड भरलेल्या दोन गाड्या होत्या. माणसे डावीकडे गेली की खलाशांनी गाड्या उजवीकडे ढकलायच्या. दिसायला ओबडधोबड, परंतु माझा तोल त्यांच्या हाती होता.

आता माझ्या माणसाबद्दल. बाल्त्स इन्फांगर, कागदोपत्री बाल्थासार, माझा इंजिनचालक. फित्झनाऊचा राहणारा, बोलण्यात कंजूष. सव्वीस वर्षे त्याने माझे दांडे पुसले. तेलाची बुधली तो माझ्या गरम नळीवर ठेवी, कारण मला गार तेल सोसत नाही हे त्याला न सांगता कळले होते. त्याची बायको अगाता माझ्या स्वयंपाकघरात कॉफी आणि नासपतीची पोळी करी, आणि तिथून सगळ्या बोटीवर हुकूम चालवी. आम्हा दोघींचे उत्तम जमत असे.

१९५१ साली पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या आदल्या दिवशी बोट कंपनीच्या प्रवासी विभागाचा व्यवस्थापक श्युर्ख डेकवर आला. पांढरी कॉलर, अंगाला सुगंध, बुटांवर माझ्या कोळशाचा कणही पडू नये अशी चाल. त्याने लोखंडी गाड्यांकडे बोट दाखवले.

"ह्या काढा. इथे दोन टेबलं मांडायची आहेत."

रेमिगी नावाचा खलाशी होता. तो म्हणाला, "साहेब, ह्या काढल्या तर उद्या बोट कलेल."

"रेमिगी, आपण माणसं फिरवतो की लोखंड? उद्या चारशे जण जेवायला बसणार आहेत."

चौकातून बाल्त्सने मान वर केली. "टेबलं धक्क्यावर मांडा, साहेब. धक्का कलत नाही."

"तू तुझं तेल बघ, इन्फांगर."

गाड्या वखारीत गेल्या. दुसऱ्या दिवशी फित्झनाऊ दिसताच चारशे माणसे उठली आणि डाव्या फाटकाशी लोटली. मी कलले. कप्तानाची घंटा वाजताच बाल्त्सने इंजिन उलटे फिरवले. त्या क्षणी फिरवले, मी त्याची साक्षीदार आहे. परंतु माझे उजवे चाक हवेत होते. मी आडवी वळले आणि फित्झनाऊच्या लाकडी धक्क्यावर आदळले. धक्का मोडला. संगीत शिकवणाऱ्या एका बाईंचा पाय मोडला. त्यांची किंकाळी मी अजून विसरलेले नाही.

चौकशी बुधवारी होती. मंगळवारी भर दुपारी, गोदीतली माणसे जेवायला गेली असताना, श्युर्खने दोन्ही गाड्या पुन्हा रुळांवर आणवल्या. सरकारी निरीक्षक आला. तरुण होता, नवा होता, बारीक अक्षरात लिहीत होता.

"अपघाताच्या वेळी गाड्या जागेवर होत्या?"

"नेहमीप्रमाणे," श्युर्ख म्हणाला.

कप्तानाच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. तो हातातल्या टोपीकडे पाहत राहिला. रेमिगीला पाच मुले होती. तो पाण्याकडे पाहत राहिला. बाल्त्सने एकट्याने खरे सांगितले. त्याचे म्हणणे लिहून घेतले गेले आणि खोटे ठरले. निकाल लागला: इंजिन उलटे फिरवायला चालकाने उशीर केला. बाल्त्सला काढले. अगाताही त्याच्याबरोबर उतरली. गाड्या चौथ्या दिवशी वखारीत परतल्या, कारण श्युर्खला ती दोन टेबले फार आवडली होती. गर्दी अडवायला त्यापुढे खलाशी फाटकासमोर साखळी बांधू लागले.

त्यानंतर नऊ वर्षे गावाने बाल्त्सला 'धक्कामोड्या' म्हटले. तो हॉटेलच्या बागेत गवत कापी, आणि मी धक्क्याला लागले की पाठ फिरवून उभा राही. ती पाठ पाहताना माझ्या पोटातली वाफ कडू होत असे. रेमिगी दोर बांधायला उतरे तेव्हा अगाता त्याच्यासमोरून जाई, परंतु नऊ वर्षांत तिने त्याला एकदाही नमस्कार केला नाही.

श्युर्ख दरम्यान संचालक झाला. मी माझ्या परीने त्याचा समाचार घेत राहिले. तो डेकवर आला की माझे धुराडे नेमके तेव्हा खोकत असे. त्याच्या अकरा कॉलरी मी काळ्या केल्या. छताच्या सांध्यातून उकळते थेंब त्याच्या मानेवर सोडले. परंतु मित्रांनो, कॉलर धुता येते. मला धुऊन न निघणारे काहीतरी हवे होते.

१९६० साली त्याने ठरवले की माझ्याऐवजी डिझेलची नवी बोट आणावी आणि मला भंगारात काढावे. तत्पूर्वी एक निरोपाची सहल काढायची होती: नगरसदस्य, वार्ताहर आणि सरकारी निरीक्षक, तोच, आता केस पांढरे होऊ लागलेला. अडचण एकच होती. बाल्त्सच्या जागी आलेला चालक नुकताच निवृत्त झाला होता, आणि नव्या चालकांना डिझेल येत होते. वाफ कोणालाच येत नव्हती. नाइलाजाने संचालकसाहेब फित्झनाऊला इन्फांगरच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. पुढचे संभाषण मला अगाताने स्वतः सांगितले आहे.

"एका दिवसाचं काम आहे, इन्फांगर."

अगाता चेरीच्या बिया काढत होती. "मोडायला एखादा धक्का उरलाय वाटतं तुमचा, म्हणून माणूस शोधत आलात?"

"बाई, झालं ते झालं."

"झालं ते तुम्ही केलंत. बसा म्हणणार नाही, खुर्च्यांवर चेरी आहेत."

बाल्त्सने हात पुसले. "येतो. बोटीसाठी येतो. पण ही माझ्याबरोबर येईल, आणि पाहुण्यांत बसेल."

त्या सकाळी तो चौकात उतरला. त्याने तेलाची बुधली माझ्या गरम नळीवर ठेवली. मी त्या क्षणी ठरवले की आज हिशेब चुकता करायचा. वर रेमिगीने त्याला हळूच विचारले, "गाड्या नाहीत, बाल्त्स. ठाऊक आहे ना?"

"मला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे," बाल्त्स म्हणाला. "तुलाही."

प्रवास छान झाला. श्युर्खने भाषण केले. मी कर्तबगार होते, परंतु माझा काळ सरला, असे तो म्हणाला, आणि त्या दोन टेबलांपैकी एकावर हात टेकवून उभा राहिला. मी ऐकत होते.

फित्झनाऊच्या नव्या धक्क्यावर गावाचा बँड वाजू लागला. मुलींच्या हातांत झेंडे होते. पाहुणे उठले. नगरसदस्य असोत की वार्ताहर, लुसर्नची माणसे ती; पाहुण्यांपुढे साखळी बांधायची कोणाची छाती झाली नव्हती, आणि सगळी कॅमेरे घेऊन डाव्या बाजूला लोटली. आणि मी कलले. कोणी विचारले असते तर मी वाऱ्याचे नाव सांगितले असते. तुम्हांला खरे सांगते, मी मनापासून कलले. साय घातलेली कॉफी टेबलावरून घसरली आणि संचालकांच्या पांढऱ्या पँटवर उतरली. माझे उजवे चाक पाण्याबाहेर निघाले. मला अपार आनंद झाला.

तेवढ्यात घंटा वाजली आणि तरफेवर बाल्त्सचा हात आला. तेव्हा मला माझी चूक कळली. आता धक्का मोडला तर दोष कोणाच्या माथी जाणार होता? पुन्हा त्याच्याच. आणि समोर बँडमधली माणसे उभी होती. माझा सूड माझ्याच माणसाला बुडवायला निघाला होता. मी सावरण्याचा प्रयत्न केला. परंतु माझ्या अंगावर शंभर माणसे डावीकडे होती, आणि ती हलल्याखेरीज मला सरळ होता येत नाही.

अगाता खुर्चीवरून उठली. तिचा आवाज नऊ वर्षे स्वयंपाकघरात मुरला होता.

"चला, सगळे उजव्या कठड्याला. कॅमेरे नंतर. अहो, टोपीवाले, तुम्हीही."

"बाई, मी नगरसदस्य आहे."

"मग तुम्ही आधी. लोक तुमच्या मागून येतात ना? आणा त्यांना."

ते गेले. त्यांच्या मागून सगळे गेले. अगाताने वार्ताहरांना पाठीत ढोसून हलवले, आणि रेमिगीने दोन्ही टेबले उचलून उजवीकडे फेकली. मी सरळ झाले. दोन्ही चाकांना पाणी लागले. बाल्त्सने इंजिन उलटे फिरवले, आणि मी धक्क्याला अशी टेकले की बँडचा एक सूर चुकला नाही.

निरीक्षक रुळांपाशी उभा होता. त्याच्या बाहीवरून कॉफी गळत होती. त्याने वाकून डेकच्या लाकडात बसवलेल्या रिकाम्या रुळांवरून बोट फिरवले.

"संचालक महाशय, इथल्या गाड्या कुठे आहेत?"

"दुरुस्तीला," श्युर्ख पँट पुसत म्हणाला. "ह्याच वसंतात काढल्या."

अगाताने रेमिगीकडे पाहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिले. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"ह्या वसंतात नाही, साहेब. एक्कावन्न साली, पेंटेकोस्टच्या आदल्या दिवशी. ह्यांनी काढायला लावल्या, मी काढल्या. तुमच्या चौकशीसाठी परत ठेवल्या, त्याही मीच. बाल्त्स खरं बोलला होता. मी गप्प बसलो."

"हा दारू प्यायलाय," श्युर्ख म्हणाला.

"अजून नाही," रेमिगी म्हणाला. "आज पिणार आहे."

निरीक्षकाचा चेहरा दगडासारखा झाला. "त्या निकालावर माझी सही आहे, महाशय," तो म्हणाला. "माझ्या नोकरीतली पहिली." त्याने खिशातून वही काढली. अक्षर अजून तसेच बारीक होते.

तीन आठवड्यांनी जुना निकाल रद्द झाला आणि श्युर्खचे पद गेले. बाल्त्सला भरपाई म्हणून काय हवे, असे पत्र आले. त्याने खांदे उडवले. उत्तर अगाताने लिहिले. तिची मागणी एका ओळीची होती: नवा निकाल श्युर्खने स्वतः, फित्झनाऊच्या धक्क्यावर, रविवारच्या बोटीच्या वेळी वाचून दाखवावा.

तो आला. कॉलर पांढरी होती. त्या दिवशी मी धूर आवरून धरला, कारण मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसायला हवा होता. धक्क्यावर सगळे गाव होते. ती संगीत शिकवणारी बाई काठी टेकत पुढे उभी होती. त्याने कागद उघडला आणि पुटपुटत वाचला: बाल्थासार इन्फांगर यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नव्हती.

"मोठ्याने," अगाता म्हणाली.

त्याने पुन्हा वाचले.

"ज्यांचा पाय मोडला, त्या बाईंकडे बघून."

त्याने तिसऱ्यांदा वाचले, आणि या वेळी त्याचा आवाज पार चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेला. सुटण्याची वेळ होऊन गेली होती. मी भोंगा दिला नाही. त्यातला एकही शब्द माझ्या आवाजाखाली बुडू नये, अशी माझी इच्छा होती. बाल्त्सने मात्र वाचन संपताच घड्याळ पाहिले, माझ्यावर चढला आणि पुन्हा माझा चालक म्हणून चौकात उतरला. मला भंगारात काढण्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. लोखंडी गाड्या रुळांवर परतल्या.

मित्रांनो, शेवटी काही शिकवण सांगावी अशी पद्धत आहे, म्हणून सांगते. तुमच्या घरात एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला वेळेवर तेल द्या, त्याचा एकही भाग सोयीसाठी काढून टाकू नका, आणि ज्या माणसाचा हात त्याला ओळखतो, त्या माणसाची अब्रू जपा. बाल्त्सने श्युर्खला क्षमा केली असेल. तो त्याचा प्रश्न. अगाताने केली नाही. मीही केलेली नाही, आणि करणार नाही.