शालूबाईची पुडी

मोतीरामने वाकून बहिणीच्या पायात चप्पल सरकवली. शालूबाई समोर बघत होती.

"घातली का, दादा?"

"घातली," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीच्या एमआरआयची फिल्म उजेडावर लावली. "मणक्याच्या पोकळीत ही पांढरी दिसते ती चरबी. तिने नसा दाबल्यात, म्हणून पाय बधिर झालेत." मग त्या शालूबाईच्या गोल, फुगीर चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "स्टेरॉइडच्या गोळ्या कोण देत होतं?"

मोतीरामचं नांदुऱ्यात औषधाचं दुकान. नऊ वर्षं दर महिन्याला तो पाकिटातल्या गोळ्या सोलून कागदात बांधायचा आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती तिच्या गावी पाठवायचा. पुडीवर गोळीचं नाव नसायचं. पहिल्याच महिन्यात तिचे गुडघे दुखायचे थांबले. वर्षभरात काडीसारखी शालू अंगानं भरली, तेव्हा तिची सासू गावभर सांगत सुटली, "भावाचं औषध मानवलं बरं सुनेले!" तेव्हापासून लोक दुकानात येऊन शालूबाईची पुडी मागू लागले. मोतीरामला त्याचा अभिमान होता.

"एक वैदू येत होता गावात," शालूबाई म्हणाली. "मरून गेला तो मागच्या महिन्यात."

"गोळीचं नाव? रोज किती? एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. हळूहळू कमी करायला मला नेमकं कळायला हवं."

"मले काय मालूम, बाई? पांढरी होती."

बोलताना तिने मोतीरामचं डावं मनगट घट्ट धरलं. लहानपणी त्याच्या खोड्या स्वतःवर घेताना ती असंच धरायची.

डॉक्टरबाई पेन टेकवून थांबल्या.

मोतीरामने उजव्या हाताने खिशातून या महिन्याची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मीच देत होतो." त्याने गोळीचं नाव सांगितलं. रोजच्या दोन. नऊ वर्षं.

"काऊन सांगून राह्यला, दादा?" शालूबाई पुटपुटली. मनगटावरची पकड तशीच होती.

डॉक्टरबाईंनी सगळं लिहून घेतलं. मान वर न करता विचारलं, "आणखी कोणाला देता?"

मोतीरामचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. ओठ हलत होते, नावं ऐकू येत नव्हती. बारा पेरं संपली. अंगठा करंगळीवर अडला; नावं अजून उरली होती.

शालूबाईने त्याचा डावा हात सोडला.